१,९९९ रुपयांत दहा सेनानी: संच घ्यावा का?

आमच्या घरात पुस्तकांचं एक कपाट होतं. होतं म्हणजे २२ जुलै २०२१ पर्यंत. चिपळूणचा तो पूर ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की पाणी उतरल्यावर आम्ही त्या कपाटातून पुस्तकं काढली नाहीत, चिखल काढला. त्यात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, चाळीसेक वर्षांत जमवलेली चरित्रं होती. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे कपाटात निम्मे जनरल नि निम्मे पुढारी. फ्रीज, वॉशिंग मशीन, गाडी, सगळं गेलं तरी ते काही बोलले नव्हते, पण ते कपाट उघडलं त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून यंदा मे महिन्यात गावात पुस्तक प्रदर्शन लागलं (चाकरमानी आलेले असतात ना, तेव्हाच लावतात) आणि तिथे "जगप्रसिद्ध सेनानी आणि प्रभावी व्यक्तिमत्त्वे, दहा पुस्तकांचा संच, मूळ किंमत ३,५०० फक्त १,९९९" असा बोर्ड दिसला तेव्हा मी फार विचार न करता पैसे दिले. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत नि मला भांडण वाढवायचं नाहीये. पण असे संच सगळीकडे फिरतात, शाळेच्या हॉलमधे, मंगल कार्यालयात, त्यामुळे घेणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

दहात कोण कोण ते आधी सांगते. कान्होजी आंग्रे, पहिला बाजीराव, नेपोलियन, अमेरिकेचा ग्रँट, जर्मनीचा रोमेल, रशियाचा झुकॉव्ह, अमेरिकेचाच आयसेनहॉवर, आपले लष्करप्रमुख थिमय्या नि माणेकशॉ, आणि दहावे लोकमान्य टिळक. टिळक सेनानींच्या संचात का, तर "प्रभावी व्यक्तिमत्त्वे" म्हणून, नि बहुतेक दहा आकडा पुरा करायला.

आधी पुस्तक हातात घेतल्यावर कसं वाटतं ते. दिसायला छान. चकचकीत लॅमिनेशन, सोनेरी अक्षरं, दहाही पुस्तकं शेजारी लावली की पाठीवर मिळून एक तलवार दिसते, मुलगा त्यावरच खूश. पण बाइंडिंग नुसतं डिंकाचं, शिलाई नाही. पुण्यात चालेल हो, कोकणात जूनच्या पंधरा तारखेनंतर हवेतच एवढं पाणी असतं की मीठ भांड्यात वितळतं, तिथे डिंक काय टिकणार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नेपोलियनचं कव्हर केळीच्या वाळक्या पानासारखं वर वळलं आणि बाजीरावाची मधली पानं मोकळी झाली. आता सगळी प्लॅस्टिकच्या डब्यात, कडुलिंबाचा पाला घालून, पोटमाळ्यावर. पोटमाळा हा पुरानंतर आलेला शहाणपणा.

आता मजकूर. दहाही पुस्तकं अण्णांनी हातात पेन्सिल घेऊन वाचली आहेत, मी सात पूर्ण नि तीन चाळली, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांचा समजा. अण्णांची चरित्र तपासायची एक जुनी पद्धत आहे. ते पहिलं पान वाचतच नाहीत. कुठलीतरी लढाई उघडतात नि बघतात की लंगरात काय शिजत होतं ते दिलंय का. लंगर म्हणजे फौजेत जवानांचा स्वयंपाक जिथे होतो ते. "अगो, जनरल घोड्यावर बसून हात वर करतो ते सगळेच लिहितात, त्याच्या मागनं पीठ कोण आणत होता ते लिहिलंन की मी समजतो, लिहिणारा शिकून आलाय." ह्या परीक्षेत दहापैकी चार पास. ग्रँट, माणेकशॉ, थिमय्या, आणि काठावर रोमेल.

माणेकशॉपासून सुरू करते, कारण सगळ्यात चांगलं नि सगळ्यात जास्त डोक्याला ताप दिलेलं पुस्तक तेच. सुरुवातीला ब्रह्मदेशातली सितांगची लढाई आहे, फेब्रुवारी १९४२, पोटात गोळ्या, आणि मिलिटरी क्रॉस. ते थोडं फिल्मी लिहिलंय. पण १९७१ चा एप्रिल मात्र मस्त. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येतायत, इंदिरा गांधींना आणि मंत्रिमंडळाला काहीतरी लगेच व्हायला हवंय, आणि माणेकशॉ सांगतात की आत्ता नाही. का नाही ते पुस्तकात नीट दिलंय. फौजेच्या डिव्हिजन लांब लांब पसरलेल्या, रणगाड्यांची तयारी अपुरी, हिमालयातल्या खिंडी उघडायला लागलेल्या म्हणजे चीन उतरू शकतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाऊस. तिकडे एकदा मान्सून लागला की नद्या समुद्रासारख्या पसरतात, रस्ता सोडून गाडी खाली उतरवता येत नाही. हे वाचताना अण्णा इतके खूश, म्हणाले दिल्लीतल्या लोकांना हे समजावून सांगायला लागलं असेल, चिपळूणच्या माणसाला नाही लागत, जुलैत वाशिष्ठी ओलांडून दाखव म्हणावं. युद्ध मग डिसेंबरात झालं, नद्या उतरलेल्या, खिंडींत बर्फ. आणि एप्रिल ते नोव्हेंबर काय केलं, रस्ते, पूल बांधायचं सामान, पेट्रोल, दारूगोळा कसा पुढे नेऊन ठेवला, हे सगळं बारीक बारीक दिलंय. अण्णा स्वतः तेव्हा नुकतेच भरती झालेले, बेळगावला ट्रेनिंगमधे, आणि ट्रेनिंग संपायच्या आत लढाई संपली. पन्नास वर्षं झाली तरी तो राग आहे त्यांना, तेरा दिवसात संपवायची काय गरज होती म्हणतात.

तर एवढं रंगात आलेलं पुस्तक, पान १२८ वर नोव्हेंबर संपत आलाय, आता पुढच्या पानावर ३ डिसेंबर म्हणून पान उलटलं, तर परत ११३. म्हणजे ११३ ते १२८ दोनदा छापलेलं आणि त्यानंतर थेट १४५, तिथे माणेकशॉ जानेवारी १९७३ मधे फील्ड मार्शल होतायत. मधलं युद्धच नाही! तेरा दिवस, ढाका, ९३ हजार युद्धकैदी, सगळं गायब. ज्यांना छपाईतलं माहीत नाही त्यांच्यासाठी, पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्ममधे छापून घडी घालतात, मग ते फॉर्म एकावर एक लावून बांधतात. इथे आठवा फॉर्म दोनदा लावला गेला आणि नववा राहिला. होतं असं, मान्य. अण्णा मात्र दिवसभर घुश्शात, "आधी लढाईला जाऊ दिलं नाहीत, आता वाचूपण देत नाहीत."

बिलावरच्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग आठ दिवस साहेब मीटिंगमधे. मग म्हणाले पाऊस आहे, घाटात दरड आलीय, कुरियर बंद आहे (त्या दिवशी माझी बहीण एसटीने कराडहून आरामात आली). शेवटी बदली प्रत आली, आनंदाने उघडली, तर तिच्यातही तेच, १२८ नंतर ११३. म्हणजे सगळा गठ्ठाच तसा बांधलेला नि आमच्या आधी कोणी बोललंच नाही, म्हणजे कोणी तिथपर्यंत वाचलंच नाही की काय? परत फोन. ह्यावेळी एक बाई होत्या, त्या बिचाऱ्या खरंच चांगल्या निघाल्या, म्हणाल्या ताई माझ्याकडे मूळ फाइल आहे, मी झेरॉक्स काढून पाठवते. आली सोळा पानं, स्टेपल मारलेली. अण्णांनी ती दाभणाने भोकं पाडून, मेणाचा दोरा घालून पुस्तकात शिवली, आता दहा पुस्तकात शिलाई असलेलं तेवढंच एक. बदली प्रतीबद्दल कोणी विचारलं नाही, ती अजून आमच्याकडेच आहे. सर्व्हिसला पाचपैकी दोन, तेही त्या बाईंमुळे.

ग्रँट आम्ही दोघांनी कधी वाचला नव्हता, आणि संचातलं खरं सरप्राइज तोच. हा माणूस अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष, आणि म्हातारपणी भागीदाराने फसवल्यामुळे १८८४ मधे कंगाल. त्यातच घशाचा कॅन्सर. बायकोच्या हातात काहीतरी राहावं म्हणून त्याने आठवणी लिहायला घेतल्या, गिळता येत नाही, बोलता येत नाही, शाल गुंडाळून खुर्चीत बसून लिहितोय, आणि लिहून झाल्यावर थोड्याच दिवसात २३ जुलै १८८५ ला गेला. पुस्तक छापलं मार्क ट्वेनच्या कंपनीने आणि घरच्यांना चार लाख डॉलरच्या वर मिळाले. मी हे प्रकरण लाईट गेलेली असताना मोबाईलच्या बॅटरीवर वाचलं नि चक्क रडले. लढायांपेक्षा ह्यात दुकानात न जमलेला, चामड्याच्या धंद्यात वडिलांकडे कामाला लागलेला ग्रँट जास्त आहे. फौजेतनं राजीनामा दिल्यानंतरची ती सात वर्षं लेखकाने गाळली नाहीत ह्याबद्दल त्याचे आभार.

रोमेल ठीक. ह्यात एक गोष्ट मजेशीर सापडली, म्हणजे लेखकाने सांगितलेली नाही, तारखा शेजारी ठेवल्यावर आम्हालाच दिसली. २३ ऑक्टोबर १९४२ ला इजिप्तच्या वाळवंटात अल अलामेनची लढाई सुरू झाली तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर, आणि ६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीत उतरलं तेव्हा बायकोच्या वाढदिवसासाठी घरी. दोन मोठे दिवस, दोन्ही दिवशी साहेब रजेवर. अण्णांच्या मते ह्यात चूक काही नाही, रजा मिळते तेव्हा घ्यायची असते, फौजेत हा पहिला धडा. शेवटचं प्रकरण, १४ ऑक्टोबर १९४४, हिटलरविरुद्धच्या कटात असल्याच्या संशयावरून दोन जनरल घरी येतात, विष घे नाहीतर खटला, आणि तो बायकोला नि पंधरा वर्षाच्या मुलाला सांगून गाडीत बसतो, ते साधं लिहिलंय म्हणून अंगावर येतं. पण वाळवंटात पेट्रोल कमी पडलं ह्याला एकच परिच्छेद! त्याच्या हरण्याचं मोठं कारण ते, माल्टा बेटावरून इंग्रज त्याची जहाजं बुडवत होते. म्हणून काठावर पास.

आयसेनहॉवरच्या पुस्तकात वाचण्यासारखं एकच पान आहे, ते मात्र वाचाच. नॉर्मंडीच्या आदल्या दिवशी त्याने एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली होती, मोहीम फसली तर जाहीर करायला, की दोष कोणाचा असेल तर तो एकट्या माझा. आणि एवढा ताण की तारीख चुकली, जूनच्या जागी जुलै लिहून बसला. मी ऑफिसात मार्च एंडला अशीच तारीख चुकवते, तेवढाच आमच्यातला सारखेपणा.

झुकॉव्ह वाचवत नाही. माणूस जबरदस्त आहे, मॉस्को वाचवणारा, बर्लिन घेणारा, जून १९४५ ला लाल चौकात पांढऱ्या घोड्यावरून सलामी घेणारा, नि वर्षभरात स्टालिनने त्याला उचलून ओडेसाला टाकलेला. पण भाषांतर! "झुकॉव्ह हे १९४१ च्या जानेवारीत सर्वसाधारण कर्मचाऱ्यांचे प्रमुख झाले." अण्णा म्हणाले म्हणजे हेडक्लार्क काय? मला जरा वेळाने ट्यूब पेटली, जनरल स्टाफ आहे ते, म्हणजे युद्धाच्या योजना आखणारं फौजेचं मुख्यालय! पुढे एके ठिकाणी "दोन खासगी शिपाई धावत आले", तेही आधी कळेना, कोणाचे खासगी, मग लक्षात आलं की मुळात प्रायव्हेट असणार, म्हणजे साधा शिपाई. ज्याने भाषांतर केलं त्याने एकदा कुठल्याही पेन्शनर फौजीला वाचायला दिलं असतं तर चहाच्या खर्चात काम झालं असतं. आणखी एक म्हणजे पुस्तक सरळसरळ झुकॉव्हच्या स्वतःच्या आठवणींवर बेतलंय, पण त्या आठवणी १९६९ मधे छापल्या तेव्हा सोव्हिएत सरकारने त्यात काटछाट केलेली होती, आणि गाळलेला मजकूर नंतर बाहेर आला, ह्याचा उल्लेखसुद्धा नाही.

कान्होजींवर मी जास्त चिडले कारण माझं माहेर दाभोळचं, खाडीच्या तोंडावरचं. कव्हरवर जे जहाज आहे त्याच्या शिडावर मोठा लाल क्रूस आहे. पोर्तुगीज जहाज! ज्यांना १७२१ मधे इंग्रजांबरोबर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आल्यावर कान्होजींनी परत पाठवलं, त्यांचंच जहाज त्यांच्या चरित्राच्या कव्हरवर. आत मजकूर परकी पुस्तकांवरून उचललेला असावा कारण पहिली पन्नास पानं त्यांना चाचाच म्हटलंय. अहो सरखेल होते ते, छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख, आपल्या पाण्यातून जायचं तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्या एवढंच म्हणणं होतं, पोर्तुगीज तसाच आपला परवाना, कार्ताझ, विकायचे तेव्हा त्यांना कोणी चाचे नाही म्हटलं. आरमाराचा भाग फारच वरवरचा. गुराब आणि गलबत ह्यातला फरक सांगितला नाही. गुराबा मोठ्या, तोफांच्या, तर गलबतं लहान, वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यात शिरणारी, वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी डुलत राहायची आणि ही वल्हवत मागून जायची, जिथे त्यांच्या तोफा पोचत नाहीत. खाडीवर वाढलेल्या पोराला हे चित्र काढून दाखवता येईल. आणि एके ठिकाणी चक्क ऐन आषाढात आरमार समुद्रात लढायला काढलंय. आमच्याकडे आजही नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी बाहेर काढत नाहीत हो. तेव्हाही पावसात जहाजं खाडीत आत ओढून ठेवायचे.

शेवट तर दोन पानात उरकलाय. कान्होजी १७२९ ला गेले, नंतर भावाभावांत फाटलं, आणि फेब्रुवारी १७५६ मधे विजयदुर्गाच्या खाडीत त्यांच्या मुलाचं, तुळाजीचं, आरमार जळालं. इंग्रजांबरोबर तेव्हा कोण होतं? पेशवे. हे लिहिताना लेखकाचा हात अडखळला असावा, कारण शेजारच्याच पुस्तकात पेशव्यांचं कौतुक आहे. अण्णांनी तिथे समासात नुसतं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

बाजीरावात मस्तानी चाळीस पानं, पालखेड सात पानं. निजामाच्या जड तोफा मागे पाडून, त्याची रसद नि पाणी तोडून, मोठी लढाई न करता त्याला शरण आणलं, हे पालखेड, १७२८, जगात कुठेही शिकवण्यासारखं प्रकरण, त्याला नकाशा एक नि तोही एवढा काळा की नद्या नि रस्ते एकच दिसतात. सिनेमा आल्यापासून असंच चाललंय. नेपोलियन सोडून द्या, अशक्य शब्दाचं ते वाक्य पहिल्याच पानावर, पुढे दर दहा पानांनी एक सुविचार, व्हॉट्सॅपवरून छापल्यासारखा.

थिमय्यांचं पुस्तक बारीक आहे, सव्वाशे पानं, पण नेटकं. झोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, नोव्हेंबर १९४८ मधे रणगाडे चढवले तो भाग फारच भारी. कोणाला पत्ता लागू नये म्हणून रणगाड्यांचे वरचे भाग सुटे करून, झाकून, रात्रीचे नेले. १९५९ चा राजीनामा, तो दिला नि परत घेतला, तेही लपवलेलं नाही. शेवटी १९६५ मधे सायप्रसला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख असतानाच गेले. अण्णांनी हे दोनदा वाचलं.

टिळकांबद्दल काय नवीन असणार म्हणून मी उघडलं नव्हतं, तर मुलाने शाळेच्या भाषणासाठी घेतलं. मंडालेचं प्रकरण आहे, पण एक सोपी गोष्ट त्यातून सुटली. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, आणि मंडालेचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत कैदेत, एकाच वेळी. थिबा पॅलेस सहलीला बघून आलेल्या पोराला हे कळतं, पुस्तकाला नाही.

आता कोण नाही ते. कोकणात विकायला आणताय तर एक तरी पुस्तक जनरल अरुणकुमार वैद्यांवर हवं होतं. जन्म अलिबागचा, १९२६. १९६५ च्या युद्धात पंजाबात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स ह्या रणगाडा रेजिमेंटचे कमांडर, जुन्या शर्मन रणगाड्यांनी पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे फोडले, १९७१ ला बसंतरच्या लढाईत परत, महावीरचक्र दोनदा, पुढे लष्करप्रमुख, आणि रिटायर होऊन पुण्यात राहायला आल्यावर ऑगस्ट १९८६ मधे अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. रोमेल-बिमेल नंतर वाचू हो. स्टॉलवरच्या पोराला विचारलं तर म्हणाला मॅडम ते चालत नाही, फॉरेनचे चालतात. आणि जनरल नसलेल्यांचं तर विचारूच नका. माणगावला ट्रॅफिकमधे सगळेच अडकतो, पण तिथे नाईक यशवंत घाडगेंचा पुतळा आहे हे किती जणांना माहितीये? जवळच्या पळसगावचा पोरगा, १० जुलै १९४४ ला इटलीत सेक्शनमधले, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीतले, बाकीचे सगळे पडल्यावर एकटा मशिनगनवर धावून गेला, वय बावीस, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. अण्णा बस माणगावातनं जाताना खिडकीतून हात जोडतात, कंडक्टरला वाटतं देऊळ आहे.

किमतीचं बोलायचं तर १,९९९ मधे दहा, म्हणजे पुस्तक दोनशेला पडलं, त्यातली चार वाचण्यासारखी, म्हणजे खरं पाचशेला एक. सुटी देत नाहीत, मी विचारलं होतं. मला विचाराल तर पाचपैकी अडीच, अण्णा तीन म्हणतात पण ते ग्रँटमुळे. घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तिथेच माणेकशॉचं प्लॅस्टिक फाडायला लावा नि पान १२९ आहे का बघा. नसेल तर मला कळवा, झेरॉक्स आहे आमच्याकडे.